आईच्या हातावरचं गोंदण

धुळ्याला माझ्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा आई नरडाण्याहून चार दिवस आधी आली. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे. तिच्या माहेरी कुणी ख्रिस्ती झालेलं नव्हतं, तेव्हाचं, तिच्या लहानपणीचं.

माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच. ते म्हणाले, "अंगावर गोंदू नका असं पवित्र शास्त्रात स्पष्ट लिहिलंय. त्या हातांनी नवरीला आशीर्वाद द्यायचा नाही. मावशींना मागच्या बाकावर बसवा."

आई हसत तिच्या अहिराणीत म्हणाली, "आते काय कातडी सोलीसन टाकू, भाऊ?"

जेठ हसले नाहीत.

मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचते. दुपारी पवित्र शास्त्रातलं ते पान काढलं. गोंदणाच्या नियमाखालीच लिहिलं होतं की पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभं राहावं. पुस्तक घेऊन जेठांकडे गेले आणि ती ओळ दाखवली. पांढऱ्या केसांची माझी आई दारात उभी होती. जेठांनी खुर्चीत बसूनच वाचलं.

"ते त्या काळासाठी होतं," ते म्हणाले. "सगळंच शब्दशः घ्यायचं नसतं."

मग गोंदणाचंच का घ्यायचं? मी पुस्तक मिटून परत नेलं.

लग्नात भर उन्हाळ्यात आई लांब बाह्यांचं पोलकं घालून मागे बसली. नवरी तिच्यापुढे वाकली, तेव्हा आईने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. नियम पाळला गेला. पुढच्या बाकावर जेठ मोठ्याने गात होते.