भिजवलेले गहू

आमच्या घरात भिंतीवर चौकटीत लावलेला एकच फोटो आहे. गच्चीवर चार लेकरं ओळीनं बसलेली, चौघांची तोंडं गव्हाच्या चिकानं माखलेली, मागं जुन्या साडीवर वाळत घातलेल्या कुरोड्या. सगळ्यात मोठीच्या मांडीवर सगळ्यात धाकटी. घरी कुणीही आलं की त्या फोटोपाशी थांबतं आणि म्हणतं, "काय मजेचे दिवस होते, नाई?" मी हो म्हणते आणि चहा ठेवायला आत जाते. कधीकधी वाटतं, सांगून टाकावं त्या दिवशी मी काय केलं ते. पण पाहुण्याला चहा हवा असतो, माझं रडगाणं नको असतं.

मजेचे होते ते दिवस, हे खोटं नाही. रिसोडात आमच्या दोन खोल्या आणि वर उघडी गच्ची. नवरा रिसोड-वाशीम जीप चालवायचा, अजूनही चालवतो. दिवसाला तीन फेऱ्या. मोठी अकरा वर्षांची, दुसरी आठची, मुलगा पाचाचा आणि धाकटी दीड वर्षाची. उन्हाळ्याची सुट्टी लागली की चौघंही दिवसभर घरात. बादलीत आंबे टाकून ठेवलेले, त्यात हात घालून कोण मोठा आंबा काढतो यावरून मारामारी. दुपारी कुलरसमोरच्या जागेवरून भांडण. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं म्हणून चौघांनी एकमेकांनाच भिजवायचं. सरगुंडे करताना काडीवर कणकेची पट्टी गुंडाळायची आणि अलगद सोडवून घ्यायची, यात दुसरीचा हात कोणी धरू शकत नव्हतं. धाकटी तर कच्चे सरगुंडेच खायची.

आणि ही सगळी मजा उभी होती मोठीच्या कमरेवर. धाकटी तिच्या कडेवर असायची. मुलाचं नाक तीच पुसायची, दुसरीच्या वेण्या तीच घालायची, भांडणं तीच सोडवायची. मी शेजारणींना कौतुकानं सांगायची, "माह्या पोरीनं मले पोरं जड होऊ देल्ली नाईत." शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. माझी मान ताठ व्हायची. अकरा वर्षांच्या पोरीला हे सगळं जड होत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. खरं सांगते, यायला मी जागाच ठेवली नव्हती.

ही मोठी अभ्यासात हुशार होती. पाचवीत असताना तिच्या शाळेतल्या मॅडमनी तिला एका सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेला बसवलं. नंबर लागला तर सहावी ते बारावी तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं. पोरीनं गच्चीवर टिनाच्या तुकड्याखाली बसून वर्षभर अभ्यास केला, बहुतेक वेळा धाकटीला पायावर झोपवून. मी मधूनमधून वर जाऊन म्हणायची, "झाला का तुहा अभ्यास? खाली भांडे पडले हायेत."

तो उन्हाळा आला आणि आमच्या गल्लीत कुरोड्यांचे वार ठरले. आमच्यात ही पद्धत आहे. पाच-सहा बायका मिळून एकेका घरच्या कुरोड्या उरकायच्या, आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे. ज्या दिवशी जिचा वार, त्या दिवशी तिच्या घरी सगळ्यांनी पहाटे हजर. गहू तीन दिवस आधी भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, कापडातून पिळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून चीक शिजवायलाच लागतो. एक दिवस थांबलं तर आंबून जातो आणि कुरोडी लाल पडते. लाल कुरोडीची बाई वर्षभर गल्लीत नावं ठेवून घेते.

माझ्या वाराच्या आदल्या दिवशी दुपारी मी गच्चीवर चीक पिळत होते, तेव्हा मॅडम जिना चढून आल्या. घामानं निथळत होत्या आणि हसत होत्या. पोरीचं नाव यादीत आलं होतं. मोठी धाकटीला कडेवर घेऊन उभी होती, ती तशीच गोल फिरली. धाकटीला वाटलं खेळ आहे, तीही खिदळली.

"पण उद्याच वाशीमला जाऊन कागदपत्रं तपासून घ्या," मॅडम म्हणाल्या. "उद्या शेवटची तारीख आहे. पाच वाजता ऑफिस बंद होते. तिला घेऊन आई किंवा वडील, कोणीही एक जण गेलं तरी चालते."

मी चिकानं भरलेले हात वर करून म्हटलं, "उद्या तर माह्या कुरोड्या हायेत, मॅडम."

मी गंमत करते आहे असं वाटून त्या हसल्या. पाणी प्यायल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटली. दोघी जणी पातेल्याशी, एक ओतणारी, एक घोटणारी. सोऱ्या धुऊन ठेवलेला. मी जिन्याखाली सरपण घ्यायला आले तर मोठी पायरीवर बसलेली. शाळेचा गणवेश घातलेला, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागदं. तिला कोणीच उठवलं नव्हतं.

नवरा जीप पुसत होता. म्हणाला, "चाल, मी नेतो तिले. पयल्या फेरीत बसवतो, दुपारी वापस आणतो."

"आज नाई," मी म्हटलं. "आज मले ती पायजे. धाकटीले कोन घेईन? चुलीपाशी पोरं येतीन, वरत कावळे राखाले कोन बसन? उद्या न्या."

"मॅडमनं तं आजचीच तारीख सांगतली."

"सरकारची तारीख कधी सरकली नाई काय? वाढवतेतच ते."

हे मी मनापासून म्हटलं होतं. रेशनकार्डाची तारीख वाढली होती, आधारची वाढली होती, पिकाच्या अर्जाची दोनदा वाढली होती. आमच्या इथं शेवटची तारीख ऐकून कोणी चप्पल घालत नाही. आमच्या डोक्यात सरकार थांबतं आणि चीक थांबत नाही.

नवऱ्यानं डोकं खाजवलं, "पाह्य मंग तू," म्हणाला आणि गाडी सुरू केली. त्यानं जरा आवाज चढवला असता तर मी ऐकलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्यानं चढवला नाही, हा राग माझ्या पोटात आहेच.

मी पोरीला म्हटलं, "कपडे बदल, चीक लागीन." ती उठली. गणवेश घडी करून ठेवला, जुना फ्रॉक घातला आणि धाकटीला उचललं. वेण्या मात्र सोडल्या नाहीत.

आणि त्या दिवसासारखा दिवस आमच्या घरात पुन्हा आला नाही, हेही मला लिहिलंच पाहिजे. गरम चीक वाट्यांत वाढला, वर साखर आणि दूध. मुलगा एका घासात जीभ भाजून नाचला. दुसरीनं सोऱ्या दाबताना जोर लावला तर तीच उचलली गेली, बायका हसून हसून आडव्या. मोठीनं खेळ काढला, ज्याच्या रांगेवर कावळा बसेल त्यानं कावळ्यासारखं ओरडायचं. दुपारपर्यंत गच्चीभर का-का चालू होतं. शेजारणीनं फोनवर फोटो काढला. कुरोड्या पांढऱ्याफेक झाल्या होत्या. बायकांनी तोंड भरून वाखाणल्या. रस्त्यावरून नवऱ्याची जीप दुसऱ्या फेरीला वाशीमकडं गेली, त्यानं हॉर्न वाजवला आणि पोरांनी वरून हात हलवले. मोठीनंही हलवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वाशीमला गेलो. टेबलामागच्या माणसानं पिशवीतली कागदं पाहिलीसुद्धा नाहीत. "काल पाचपर्यंत होतं, बाई. तुमच्या मागच्या नंबरला जागा गेली." मी म्हटलं, घरी अडचण होती. त्यानं विचारलं, "काय अडचण होती?" कुरोड्या होत्या असं मी त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार होते? शेवटी मोठीच म्हणाली, "माही लहानी बहीण बिमार होती, सर."

माझी लाज तिनं झाकली. अकराव्या वर्षी.

येताना बापानं तिला रसवंतीवर रस पाजला. ती पूर्ण ग्लास प्यायली. रडली नाही, रुसली नाही. घरी येऊन धाकटीला घेतलं आणि वर कुरोड्या उलटायला गेली. मी मनात म्हटलं, पोर आहे, विसरून जाईल. इतकंच नाही. त्या रात्री अंथरुणावर पडले तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. पोरगी गेली असती तर जूनपासून या तिघांना घेऊन मी एकटीनं काय केलं असतं, याची धास्ती मला मॅडम जिना उतरल्यापासूनच होती. गहू निमित्ताला बरे सापडले. तारीख वाढेल असं मला वाटलं होतं, हे खरं आहे. नाही वाढली तरी चालेल असंही कुठंतरी वाटलं होतं, आणि हे जास्त खरं आहे.

ती इथंच शिकली. दहावी झाली, बारावी झाली, दर उन्हाळ्यात कुरोड्या राखल्या. अभ्यासातलं लक्ष हळूहळू गेलं. एकोणिसाव्या वर्षी केनवडला दिली. माणसं चांगली आहेत, शेती आहे, तिला त्रास नाही. सात महिन्यांचं बाळ आहे. या सगळ्या काळात तिनं त्या दिवसाचा एक शब्दही काढला नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "जाऊ दे न आई, कायले उगाच." आणि पापड लाटत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

यंदा धाकटी पाचवीत होती. तिनंही तीच परीक्षा दिली. मोठीनं केनवडहून रोज फोनवर तिच्याकडून गणितं करून घेतली होती, हे मला निकाल लागल्यावर समजलं. नाव यादीत आलं. कागदपत्रांची तारीख कळली आणि मी आधी स्वयंपाकघरातल्या पातेल्याकडं पाहिलं, कारण मी गहू भिजत घातलेले होते. मुद्दाम नव्हते घातले, देवाशपथ. वार ठरलेला होता, नेमका तारखेच्या दुसऱ्या दिवशी, हातानं सवयीनं काम केलं होतं. आणि या वेळी मी पोरीला पाठवणारच होते.

पण मोठीनं ते पाहायची वाट पाहिली नाही. तारखेच्या दिवशी सकाळी पहिल्याच गाडीनं ती केनवडहून आली, बाळाला कडेवर घेऊन. पाणीही न पिता स्वयंपाकघरात गेली, पातेल्यावरचं ताट उचलून पाहिलं. मग एका हातानं ते पातेलं ओढत दारापर्यंत नेलं आणि सगळे गहू शेजारच्या गाईच्या टोपल्यात ओतले.

"अव, अख्खी पायली होती," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं धाकटीच्या वेण्या घातल्या, कागदं एकदा तपासली, आणि बाळ माझ्याकडं दिलं. "आज याले तू घे. आमी संध्याकाळी येतो."

बापाच्या जीपमध्ये दोघी पुढच्या सीटवर बसल्या. धाकटीनं खिडकीतून मला हात हलवला. मोठी समोर रस्त्याकडं पाहत होती.

दिवसभर ते लेकरू माझ्या कडेवर होतं. खाली ठेवलं की रडायचं. त्याला घेऊन मी चूल केली, भांडी घासली, गच्चीवरचे कपडे काढले. संध्याकाळी जीपचा हॉर्न वाजला तेव्हा मला धड सरळ उभं राहता येत नव्हतं. कंबर धरून भिंतीला टेकले, तर समोर तो फोटो. चिकानं माखलेली चार तोंडं, मोठीच्या मांडीवर धाकटी, आणि मोठीच्या वेण्यांना लाल रिबिनी. माझ्या कडेवरचं लेकरू सात महिन्यांचं होतं. तिच्या कडेवरचं दीड वर्षाचं होतं, आणि ती अकराची.