सुएनोचा अंगठा

आमच्या गावात कागद करणाऱ्यांना कोणी भीत नसे, कागद निवडणारीला भीत. ती सुएनो. उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी, आवाज बारीक, कुणावर ओरडलेली मी तरी कधी ऐकली नाही. पण तिने एखादा ताव उजवीकडच्या गठ्ठ्यात टाकला की ज्याने तो केला त्याचा तेवढा घाम पाण्यात गेला, कारण उजवीकडचा गठ्ठा परत हौदात जायचा आणि त्याचा पुन्हा लगदा व्हायचा. डावीकडचा गठ्ठा मात्र थेट क्योतोला.

मी फळ्यांवरची. दाबातून निघालेले ओले ताव एकेक सोडवायचे, लांब केसांच्या ब्रशने लाकडी फळीवर चिकटवायचे, फळ्या उन्हात उभ्या करायच्या, वाळले की सोलून सुएनोच्या खोलीत न्यायचे. तीस वर्षं मी हेच केलं, त्यामुळे तिच्याइतकी नाही तरी मलाही थोडी अक्कल आहे.

ती खिडकीपाशी गुडघ्यांवर बसायची, ताव डाव्या हातात धरायची आणि उजवा अंगठा वरच्या कडेपासून खालपर्यंत फिरवायची. डोळे मिटलेले. अंगठ्याचं समाधान झालं की मग डोळे उघडून ताव उजेडात धरायचा, कुठे सालीचा तुकडा राहिलाय का ते बघायला. आधी डोळे का नाही, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, डोळे लबाड असतात, पांढरं दिसलं की भुलतात.

त्या अंगठ्यापायी तिने आयुष्यभर काय काय सोडलं! शेतात बटाटे काढायला जायची नाही, लोणच्याचे मुळे चिरायची नाही, मिठाच्या पाण्यात हात घालायची नाही. हिवाळ्यात आम्हा सगळ्यांच्या हातांना भेगा पडायच्या, तिचे हात कोंड्याच्या पाण्याने धुतलेले, मऊसूत. तिची सासू जिवंत होती तोवर आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडे सून नाही आणली, अंगठा आणलाय." सुएनो हसायची. ज्याचं घर त्या अंगठ्यावर चाललंय त्याने आणखी काय करायचं?

आता आमच्याकडची एक रीत सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाच हौदांवर पाच माणसं कागद करतात, पण सगळे ताव एकत्र होऊन निवडायला येतात, कुणाच्याच तावावर खूण नसते. निवडणारीने ताव कुणाचा ते बोलायचं नाही. करणाऱ्याने किती परत आले ते विचारायचं नाही. फार पूर्वी म्हणे याच कारणावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या घरच्या मयतालाही गेले नाहीत, तेव्हापासून ही रीत. न विचारण्यात आमची माणसं पटाईत आहेत.

पण सुएनोला कळायचं. प्रत्येकाची लगदा गाळायची चौकट हलवायची तऱ्हा वेगळी, शेवटचं पाणी पुढे फेकायची ढब वेगळी. एकदा मी मुद्दाम पाचही जणांचे ताव पिसून दिले. तिने डोळे न उघडता पाच गठ्ठे केले आणि म्हणाली, "पुन्हा असला चावटपणा केलास तर तुझ्या कुठल्या फळीला गाठ आहे तेही सांगेन." सांगितलंही. तिसऱ्या फळीला होती.

त्या पाचांतल्या कानरोकुचा ताव तर कुणीही ओळखला असता. इतका पातळ की हातात आहे की नाही अशी शंका यावी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. क्योतोचे चित्रं मढवणारे लोक जुन्या चित्रांच्या पाठीमागे लावायला त्याचाच कागद मागवत. त्याची बायको गेली होती. मुलगी रित्सु शेजारच्या हौदावर जाड कागद करायची. पातळ कागदाला हात लावू का, असं तिने विचारलं की तो म्हणायचा, अजून दहा वर्षं. ती चाळिशीला आली होती.

कानरोकु आणि सुएनो यांच्यात चाळीस वर्षांत चाळीस वाक्यं झाली असतील तर शपथ. तरी लोक बोलायचे. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? मी रोज तिथे होते आणि मला एवढंच दिसलं की त्याचा ताव हाती आला की ती जरा सावकाश करायची. तेही चांगलं काम आवडतं म्हणून.

एका शरदात तिने मला हाक मारली. "डावीकडे ब्रश जास्त दाबतेस का गं हल्ली?" मला राग आला. मी म्हटलं, मावशी, पंचवीस वर्षं तोच ब्रश आणि तोच हात. तिने एक ताव माझ्यापुढे केला, हातात आहे की नाही कळू नये इतका पातळ. मी अंगठा फिरवला. खालचा डावा कोपरा किंचित जाड होता, उजवा त्या मानाने पातळ. ब्रशने तसं होत नाही. चौकटीची डावी बाजू खाली झुकली की लगदा तिकडे उतरतो, तेव्हा तसं होतं. म्हणजे धरणाऱ्याच्या डाव्या हातातला जोर गेलेला असतो. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. तिने तो ताव डावीकडे ठेवला.

तिथून पुढे तीन वर्षं ती तसंच करत राहिली. परत जायचा गठ्ठा हौदाकडे मीच न्यायचे. तो वाढायला हवा होता आणि वाढत नव्हता, हे मला हाताला कळत होतं. मी बोलले नाही. त्या पापात अर्धा वाटा माझा आहे, हे मी इथे लिहून ठेवते.

तिसऱ्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला क्योतोहून आमच्याच कागदाचा गठ्ठा पार्सलने परत आला. मढवलेली चित्रं टांगल्यावर एका अंगाने वळत होती. सोबतचं पत्र इतकं नम्र होतं की वाचणाऱ्याने शरमेने मरावं. आमच्या संघाचे प्रमुख झेन्पाची, मवाळ माणूस, त्यांनी सगळ्यांना फळ्यांच्या अंगणात बोलावून ते वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर ते हौदावरच्या पाचही जणांकडे बघत उभे राहिले. रीत अशी की विचारता येत नाही, आणि विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. कानरोकु टक लावून परत आलेल्या गठ्ठ्याकडे बघत होता.

सुएनो पुढे झाली आणि वाकली. "चूक हौदाची नाही, माझी आहे," ती म्हणाली. "अंगठा गेला माझा. जाड-पातळ कळेनासं झालंय. सांगायची लाज वाटली म्हणून बसत राहिले. उद्यापासून येणार नाही."

झेन्पाचींचा जीव भांड्यात पडला. म्हातारीचा अंगठा गेला ही गोष्ट कुणालाही समजण्यासारखी होती. गावाने ती लगेच उचलली. एवढे हात जपले, शेवटी काय मिळालं, असं बायका गावच्या न्हाणीघरात म्हणायला लागल्या. कुणी कुणी तर जुने हिशेब काढले, माझा अमक्या सालचा ताव तिने उगाच परत पाठवला असणार म्हणून. चाळीस वर्षांचं नाव पंधरा दिवसांत मातीला मिळालं. मी तिच्या घरी जाऊन भांडले. तुमचा अंगठा माझ्या डोळ्यांपेक्षा धड आहे, मग हे खोटं कशासाठी?

"मला सून आहे, नातवंडं आहेत, दिवसभर डोकं खायला माणसं आहेत," ती म्हणाली. "त्याला हौदाशिवाय काय आहे?"

तिच्या जागी झेन्पाचींनी एक नाजूक काटा आणला. प्रत्येक ताव तोलायचा. डावीकडे जाड आणि उजवीकडे पातळ असलेला ताव वजनाला अगदी बरोबर भरतो, हे त्या काट्याला कोण सांगणार? कानरोकुचे ताव पास होत राहिले. वसंतात क्योतोची नवी मागणी जायची होती.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी मी सुएनोकडे मुळे चिरायला गेले होते. ती जन्मात पहिल्यांदा लोणचं घालत होती आणि तिच्या फोडी बघून हसू येत होतं. तेवढ्यात कानरोकु दारात. तो त्या घरी कधीच आला नव्हता. सून घाईघाईने चहा ठेवायला गेली. तो बसला, गुडघ्यांपुढे कापडात गुंडाळलेले बारा ताव ठेवले.

"रित्सुला पातळ कागदावर घेतलंय," तो म्हणाला. "काट्यावर माझा विश्वास नाही. जरा बघ."

"माझा अंगठा गेलाय."

"गेलेल्याने बघ."

तिने हात धुतले, कोरडे केले, पहिला ताव उचलला. मला वाटतं तिने ठरवलं असणार की चाचपडल्याचं सोंग करायचं, चार इकडे चार तिकडे टाकायचे. पण डोळे मिटले आणि अंगठा कागदावर टेकला, त्यानंतर ते तिच्या हातात राहिलं नाही. हातांना खोटं बोलायची सवयच नव्हती. डावीकडे, उजवीकडे, उजवीकडे, डावीकडे. मी सुरी खाली ठेवून बघत राहिले. तिने डोळे उघडले तेव्हा दोन गठ्ठे झाले होते, सहा आणि सहा.

कानरोकुने उजवा गठ्ठा आपल्याकडे ओढला आणि एकेक ताव उलटा केला. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. डावीकडच्यांवर एकही ठिपका नव्हता.

"ठिपक्याचे माझे," तो म्हणाला. "तुझा अंगठा शाबूत आहे."

सुएनोने हात मांडीवर घेतले.

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आता विचारतो," कानरोकु म्हणाला. "यातला एखादा तरी बरा आहे?"

मी मनात म्हटलं, एक म्हणा मावशी, एक म्हटल्याने काय बिघडतं. तिने सहाही ताव परत हातात घेतले, एकेक. या वेळी डोळे उघडे होते आणि ते त्याच्यावर होते. प्रत्येकाला ती पुरेपूर वेळ देत होती. शेवटचा खाली ठेवून ती म्हणाली, "एकही नाही."

तो चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकला. तीही वाकली. मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मुळ्यांकडे बघितलं.

"आणि रित्सुचे?" त्याने विचारलं.

"सहाच्या सहा चांगले. तुमच्या चाळिशीत तुमचे होते त्याहून…"

"पुरे. बाप आहे मी तिचा, एवढं तरी राहू दे."

तो चहा न पिता गेला. मी सुएनोवर चिडले होते. भर अंगणात सगळ्यांसमोर खोटं बोलली ती बाई आणि घरात, एकट्या माणसासमोर, एक गोड शब्द निघाला नाही तिच्या तोंडून? तिला मी तसं म्हटलंही. ती डोळे पुसत होती. "तेव्हा त्याने मला विचारलं नव्हतं गं," एवढंच म्हणाली. मला तेव्हा ते पटलं नाही. आता पटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानरोकुने पाचही हौदांवरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात झेन्पाचींना सांगितलं की हात त्याचा गेलाय, निवडणारीला परत बोलवा. सुएनो दुपारी येऊन खिडकीपाशी बसली. कुणी माफी मागितली नाही, आमच्याकडे तीही रीत नाही, पण तिच्या बसायच्या उशीशेजारी कुणीतरी वाफाळता चहा ठेवून गेलं होतं.

रित्सु बापाच्या हौदावर उभी राहिली. कानरोकु मागे उभा, दोन्ही हात पाठीशी. तिने पाच-सहा ताव काढले, मग मान वळवून हळूच विचारलं, "बाबा, बरोबर येतोय का?"

मी फळी घेऊन दारातच होते. बाकीच्या हौदांवरचं पाणीही क्षणभर थांबलं.

"मला नको विचारू," कानरोकु म्हणाला. "आत जा आणि तिला विचार."