देल्मिराचा कायमचा आजारी रेडिओ

पायसांदू शहरात उबाल्दो पिरीस या मेकॅनिकच्या हाताखालून गेलेला जुना रेडिओ पुन्हा कुरकुरत नाही, असं लोक सांगत. अपवाद एकच: देल्मिराच्या खानावळीतला व्हॉल्व्हचा रेडिओ. तो दर पंधरवड्याला मान टाकायचा. कधी नुसती खरखर, कधी बटण कितीही पिळा, काटा जागचा हलायचा नाही. उबाल्दो हातातलं काम टाकून धावायचा, एक दुखणं काढायचा आणि दुसरं पुढच्या खेपेसाठी राखून ठेवायचा. देल्मिराचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि उबाल्दोचं लग्न राहूनच गेलं होतं, एवढं सांगितलं की पुरे. सगळ्या गल्लीला कळत होतं. पण या बाबाच्या तोंडून एक शब्द फुटेल तर शपथ!

मग वस्तीचा फुटबॉल क्लब रविवारच्या अंतिम सामन्यात पोचला. टीव्हीवर खेळ बघायचा, पण त्याचा आवाज बंद करून वर्णन रेडिओवरच ऐकायचं, ही इथली रीत. देल्मिराने दम भरला.

"रविवारी मध्येच बंद पडला ना, तर साल्तो शहरातून दुसरा कारागीर बोलावीन. लोक मला फाडून खातील!"

"आणि मला?"

"तुम्हाला मी खाईन."

उबाल्दोची पंचाईत झाली. नीट करावा तर येण्याचं निमित्त जातं, न करावा तर पत जाते. शेवटी त्याच्यातला कारागीर जिंकला. त्याने सुकलेले कपॅसिटर बदलले, काट्याची दोरी नवी ओवली, लाकडाला लाखेचं पॉलिश चढवलं.

रविवारी रेडिओ खणखणीत वाजला आणि क्लबही जिंकला. तोमासिनो खाटकाने उबाल्दोच्या पाठीत धपाटा घातला. "गड्या, तू तर स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास!" सगळे खो खो हसले. उबाल्दोला मात्र रडू यायचं बाकी होतं.

गर्दी पांगली. देल्मिराने 'माते' नावाचा पाला भरलेल्या वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात गरम पाणी ओतून तो त्याच्यापुढे केला. हा कडू काढा पिऊन भोपळा परत देताना आभार मानले, की 'पुरे, निघतो' असा इथे अर्थ. उबाल्दोने नळीने शेवटचा घोट ओढला आणि आभार न मानताच भोपळा परत दिला.

"रेडिओ झाला ना नीट?"

"झाला."

"पुन्हा नाही ना बिघडणार?"

"नाही. या खेपेला मी काही बाकी ठेवलं नाही."

"मग आता कशासाठी बसलात?"

उबाल्दोचे कान लालबुंद झाले. "तुमच्यासाठी."

देल्मिराने भोपळ्यात पुन्हा पाणी ओतलं.

"अहो, मग इतकी वर्षं त्या बिचाऱ्या रेडिओचं पोट का फाडत होतात?"