कॉस्टिकमध्ये धुतलेले पट्टे

साखर कारखान्याच्या स्टोअरला बाई बसवली की स्टोअर आरशासारखं राहतं, असं आमचे चीफ इंजिनिअर साहेब आल्यागेल्याला सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं, कबूल करते. त्या आवडीपायीच मी सात माणसांचा जीव धोक्यात घातला होता.

खंडेनवमीला स्टोअरमधली सगळी हत्यारं पुजायची आमची पद्धत. पाने, हातोडे, वजन उचलायचे चेनब्लॉक, आणि त्यांच्याच रांगेत उंचावर काम करणाऱ्यांचे सेफ्टी बेल्ट. खांद्यांवरून आणि मांड्यांमधून घ्यायचे पॉलिस्टरचे पट्टे, पाठीला दोर, दोराच्या टोकाला हूक. ग्रीस आणि मळी लागून ते काळेकुट्ट झाले होते. असल्या पट्ट्यांना हळदकुंकू काय लावायचं? पाइप साफ करायला कारखान्यात कॉस्टिक सोडा पिंपांनी असतो. मीच सांगितलं, कढत पाण्यात कॉस्टिक टाका आणि पट्टे सकाळपर्यंत भिजू द्या. दुसऱ्या दिवशी पट्टे इतके लखलखीत निघाले की साहेबांनी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला.

दसरा उरकला. शनिवारी बॉयलर पेटवायचा कार्यक्रम होता, पाहुणे ठरले होते, मांडवही पडला होता. फक्त उसाचा रस आटवतात त्या बॉयलिंग हाउसच्या छपराचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायचे राहिले होते. ते काम माण तालुक्यातल्या सात जणांच्या टोळीकडे होतं. मेंढरांमागे फिरणारी घरं ही; मेंढरं कमी झाली तशी पोरं पत्र्याच्या कामाला लागली. मुकादम मात्र पन्नाशी गाठलेला. सोमवारी संध्याकाळी त्यानं दिवसभर घातलेला पट्टा काउंटरवर टाकला. उचलायला गेले तर तो हाताला मऊ लागला. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या साडीसारखा.

तो मऊपणा माझ्या ओळखीचा होता. माझे वडील माधवनगरला कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये होते. पॉलिस्टरचं कापड मऊ पडावं म्हणून ते मुद्दाम कॉस्टिकमधून काढत. कॉस्टिक धागा खातं, धागा बारीक होतो, म्हणून कापड अंगाला मऊ लागतं. हे मी जेवताना, झोपताना ऐकत मोठी झाले, आणि ऐन वेळी नेमकं विसरले. पट्ट्याची शिवण नखानं उचकली तर दोरा सुटून आला. बाकीचे सहा पाहिले. सगळ्यांची तीच गत. मला माझीच चीड आली.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बाई, नव्यासारखे दिसतायत पट्टे. आता दुसरे मागवायचे तर काम रखडणार."

"मी हे देणार नाही."

"मग सकाळी किल्ली माझ्याकडे द्या. मी देतो."

किल्ली मागण्याचा त्यांना अधिकार होता. ती मला द्यावीच लागली असती. मी स्टोअरमध्ये परत गेले, पोती कापायची मोठी कात्री काढली आणि सहा पट्टे कापले. नुसते कापले नाहीत, कुणाला गाठ मारूनही वापरता येऊ नयेत असे तुकडे केले. सातवा तेवढा पुरावा म्हणून पिशवीत कोंबून उंब्रजला घरी नेला.

सकाळी साहेबांनी तुकडे पाहिले आणि त्यांचा आवाज पार गेटपर्यंत गेला. ते मी धरूनच चालले होते. पण मुकादम पुढं झाला आणि म्हणाला, "साहेब, कशाला डोस्कं फिरवून घेताय? मेंढरामागं कडं उतरलेली माणसं आमी. आमी तसंच चढतो."

साहेब नुसते बाजूला सरकले. त्या सरकण्याचा अर्थ सगळ्यांना कळला. मी पट्टे कापून ह्या माणसांना वाचवायला निघाले होते, आणि आता ती पट्ट्याशिवायच त्या ठिसूळ पत्र्यांवर जाणार होती. मी जाऊन छपरावर चढायच्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

"आवं बाई, उठा," मुकादम म्हणाला. "लय झालं आता. रोज बुडतोय आमचा."

"उचलून बाजूला ठेवा. त्याशिवाय उठत नाही."

बाईमाणसाला हात कोण लावणार? सगळे नुसते उभे राहिले. मी पिशवीतून सातवा पट्टा काढून मुकादमापुढं धरला. म्हटलं, "वाळूची दोन पोती ह्यात बांधा. हा टिकला तर मी आत्ता उठते आणि आजच नोकरी सोडते."

ते मात्र टोळीला पटलं. कदाचित ब्याद जाईल म्हणूनही असेल. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोती उभी केली, पट्ट्यात आवळून बांधली, हूक वरच्या गर्डरला अडकवला. ट्रॅक्टर पुढं गेला. पोती ट्रॉलीवरून निसटली, दोराला झटका बसला आणि खांद्याचा पट्टा टर्रकन फाटला. पोती खाली फुटली. वाळू साहेबांच्या बुटांवर आली.

मुकादम वाकला. फाटका पट्टा उलटासुलटा करून त्यानं बकलावर ठोकलेला आकडा पाहिला.

"ह्यो तर माजा हाय," तो म्हणाला. "काल दिसभर ह्येच घालून हुतो वर."

मग त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि माझ्या शेजारी खाली फतकल मारली. "साहेब, नवं पट्टं येऊस्तवर आमी बी हितंच." त्याची माणसं एकेक करून बसली. साहेब उभेच होते. बसायला तिथं आता जागाही नव्हती.

नवे पट्टे सांगलीहून यायला गुरुवार उजाडला. शनिवारी अर्धं छप्पर ताडपत्रीखाली होतं. पाहुणे आले, नारळ फुटला, बॉयलर पेटला. ताडपत्रीकडे कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

सोमवारी मला मेमो मिळाला. परवानगीशिवाय कारखान्याच्या मालाची नासधूस केली. लेखी माफी मागा आणि पुन्हा असं होणार नाही अशी हमी द्या. मी तिथंच, साहेबांच्या टेबलावर, उभ्यानंच उत्तर लिहिलं. पट्टे कॉस्टिकमध्ये भिजवायला मी सांगितलं. ती चूक माझी, तिची माफी मागते, ती पुन्हा होणार नाही. पट्टे कापले तेही मीच. ते पुन्हा होईल.