कासवासाठी रिकामं झालेलं कपाट

आज सुट्टी टाकून कासवाच्या पिल्लाला डॉक्टरांकडे नेलं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि ते माझ्याकडे राहिलं. चार दिवस खात नव्हतं, कवचही मऊ लागत होतं.

डॉक्टर म्हणाले, "अहो, हे जमिनीवरचं कासव. पाण्याच्या टाकीत काय ठेवलंय? त्याला कोरडी माती, ऊब आणि उन्हातले अतिनील किरण देणारा यूव्हीबीचा दिवा हवा. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही."

दिवा घेऊन हडपसरच्या ट्रॅफिकमधून घरी आले, तेव्हा अंगात त्राण नव्हतं. आता माती भरायला लाकडी खोका कुठून आणू, म्हणून नुसती बसून राहिले.

सासरे उठले. घरात या प्राण्याला नावं ठेवणारे ते एकटेच. त्यांनी आपलं पुस्तकांचं कपाट रिकामं केलं, फळ्या काढल्या आणि ते आडवं पाडलं.

"बाबा, तुमची पुस्तकं?"

"ती काही ऊन मागत नाहीत. माती आण."

एका टोकाला दिवा लावला, दुसरीकडे सावली आणि उथळ बशीत पाणी ठेवलं. तासाभराने पिल्लाने जास्वंदीचं पान खाल्लं. ते घाबरू नये म्हणून बाबांनी मला हाक न मारता खुणेनेच बोलावलं.

कासव पाळणाऱ्यांनो, दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, तेव्हा ऊब कशी टिकवता? मी नाही, बाबा विचारतायत.