पुजाऱ्यासाठी एक वात जास्त

मैत्रिणींनो, आपल्या हवेलीच्या मालिकेतल्या नटाची कोणती भूमिका जास्त आवडते, असं आज ग्रुपवर विचारलंय. हवेलीचा मालक, त्याच्या भावाचं भूत आणि म्हातारा पुजारी, तिन्ही तोच करतो.

मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पुजारी. भुतानं त्याले मारू नये म्हणून मी रोज देवापाशी एक वात जास्त लावून राहिली."

माझी पोट्टी हसली. "दादी, तीनों एक ही आदमी है."

दुपारी वाती वळता वळता सासूबाई थांबल्या अन् मला म्हणाल्या, "मंग त्याले वाचवाचं कोनापासून?"

मी अजून मत दिलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं? दिवेलागणीच्या आत लिहा, सासूबाई वाट पाहून राहिल्या.