पोलक्यात उगवलेले मूग

आमची विमल, म्हणजे माझी बायको, चाळीस वर्षं जळगाव जामोदच्या बाजारात भाजी विकते. कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढला. टाके सुकले, तसा आमचा पोरगा गोकुळ म्हणाला, “माय, आता बाजार पुरे. घरी बस. लोक पाह्यतात.”

“पाहू दे. डोळे त्यायचेच आहेत ना?”

पण पुढं दोन वर्षं टोपली डोक्यावर घेतली की बाई एका अंगाला कलायची, खांदा ठणकायचा. आता भाजीवालीला तोल कोणी शिकवावा! शेवटी तिनं उजव्या बाजूच्या अंदाजानं मूग जोखले, फडक्यात बांधले, पोलक्यात ठेवले. ज्येष्ठाचा घाम, त्यात कोथिंबिरीवर शिंपडायचं पाणी. तिसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली, तर मुगाला हे एवढाले मोड! मी हसलो. तीही हसली, अन् एकदम रडली. ऑपरेशनला न रडलेली बाई.

पुढच्या तपासणीला अकोल्याला गेलो. तिथं रेणुका सिस्टरनं सिलिकॉनचा स्तन तिच्या हातावर ठेवला. मऊ, वजनदार, आतून घालायच्या बॉडीला शिवलेल्या खिशात बरोबर बसणारा. विमल तशीच डॉक्टरसमोर.

“साहेब, हे असते तं मले दोन वर्षं कोणी काऊन नाही सांगितलं?”

“आजी, या वयात कशाला लागेल, असं वाटलं.”

“वय झालं म्हणून खांदा दुखाचा थांबते काय?”

मी काय खूश, सांगू!

त्याच आठवड्याच्या बाजारात शेजारी वांगी विकणारी पुष्पांजली पदर घट्ट लपेटून बसली होती. तिचंही हेच ऑपरेशन झालेलं. म्हणाली, “मावशी, हा माहा शेवटचा बाजार.”

विमलनं पदराआड हात घातला, तो सिलिकॉनचा स्तन काढला अन् सरळ तागडीत टाकला.

“साडेतीनशे ग्रॅम. हात लाव वं, चावत नाही.”

पुष्पांजलीनं आधी बोट टेकवलं, मग उचलूनच घेतला. चार बाया जमल्या. कांदे घ्यायला आलेला शालिग्राम जागीच थबकला.

“काय पाहून राह्यला रे? हे विकाचं नाही. कांदे घे अन् निघ!”

संध्याकाळी गोकुळ तापला. “माय, भर बाजारात?”

“मंग काय कोनट्यात लपून सांगू? सगळ्यायनं हे कोनट्यात ठेवलं म्हणूनच त माह्या पोलक्यात मूग उगवले!”

पोराला हसू आवरेना. पुढल्या बाजारी टोपली त्यानंच उचलून तिच्या डोक्यावर दिली. बाई सरळ चालत गेली. पाहते तर पुष्पांजली तिच्याआधी येऊन वांगी मांडत बसलेली.